डाव्या भिंगावरची बुरशी

मी एक जुनी दुर्बीण आहे. माझा जन्म डेहराडूनच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझी भिंगे घासली गेली, अंगावर काळे जाड रबर चढले आणि मी नागपूरच्या एका दुकानात येऊन बसले. तिथून मला शैलाने नेले. ती तेव्हा बँकेत नुकतीच लागली होती. सुट्टीच्या दिवशी मला गळ्यात अडकवून ती तलावांवर पक्षी पाहायला जायची. "हिच्याशिवाय मी आंधळीच," असे ती मैत्रिणींना सांगायची, तेव्हा मला फार बरे वाटायचे.

मग लग्न, बदल्या आणि शेवटी कोलकाता. डमडमच्या घरात मी कपाटाच्या वरच्या खणात, स्वेटरांखाली गेले. मित्रांनो, इथली हवा फार दमट. माझ्या डाव्या भिंगाच्या आत बुरशीचा एक तंतू उगवला, मग त्याचे जाळे झाले. शैलाने एकदा पाहिले, "दुरुस्तीला द्यायला हवी," म्हणाली आणि कपाट लावून घेतले.

यंदा दुर्गापूजा आटोपल्यावर, शरदातल्या एका सकाळी तिने मला पुन्हा बाहेर काढले. ती, तिचा नवरा अजेय आणि मुलगी सुरुची शहराबाहेरच्या राखीव जंगलात फिरायला निघाली होती. पाऊस संपून झाडी कशी धुतल्यासारखी दिसत होती. थंडीसाठी उत्तरेकडून आलेला एक धोबी पक्षी तळ्याकाठी शेपटी हलवत चालला होता. खोडावर घोरपड उन्हाला पसरली होती. इतक्या वर्षांनी पाहताना मला सगळेच नवे वाटत होते.

अजेय पुढे चालत तळ्याच्या पलीकडे पोचला. बांबूच्या बेटाजवळ, वाळक्या पानांत एक फुलपाखरू बसले होते. तो उकिडवा बसून मोबाइलने त्याचे फोटो काढू लागला. अलीकडून सुरुचीने मला त्याच्यावर रोखले.

"आई, बाबाच्या मागे काहीतरी आहे."

"काय?"

"नीट दिसत नाही. पानंच असतील. पण... हललं."

ती मला फिरवत राहिली. बुरशीच्या जाळ्यामागे पाने आणि ठिपके एकमेकांत मिसळत होते. मला सगळे कळत होते, पण मी दाखवू शकत नव्हते! शैलाने मला तिच्या हातातून ओढून घेतले. तिने डावा डोळा मिटला आणि एकट्या उजव्या भिंगातून पाहिले.  अजेयच्या टाचेमागे, वीतभर अंतरावर, जाड वेटोळे होते. त्यावर तपकिरी ठिपक्यांची साखळी होती.

"घोणस," ती पुटपुटली.

"म्हणजे बंगालीतली चंद्रबोरा? शाळेत चित्र दाखवलं होतं ती?" सुरुचीने विचारले आणि हाक मारायला तोंड उघडले. शैलाने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"ओरडू नकोस. तो दचकून उठेल आणि पाय मागेच पडेल. फोन लाव त्याला."

सुरुचीने फोन लावला. स्पीकर सुरू केला.

"काय गं, केवढं सुंदर फुलपाखरू..."

"अजेय, उठू नकोस," शैला म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण माझ्यावरची पकड अशी की रबर दबले. "मागे वळू नकोस. तुझ्यामागे घोणस आहे."

अजेय होता तसाच बसून राहिला. तेवढ्यात फोनमधून कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार आम्हीही ऐकला.

"आता काय करू?" अजेयने हलक्या आवाजात विचारले.

"थांब. मान मागे ओढून धरलीय तिने." शैला पापणी न लवता पाहत राहिली. "थांब अजून... आता डोकं खाली घेतलं. हात पुढे टेक. हळू. डावा पाय उचल, घासू नकोस. आता उजवा."

तो रांगत पुढे सरकला. घोणसेने तोंड वर केले, पण तोवर तो दूर गेला होता. शैलाने मला खाली घेतले तेव्हा कुठे सुरुचीला रडू फुटले.

वळसा घालून परत आल्यावर अजेय मातीतच बसला. मग हात पुढे करून म्हणाला, "दाखव मला." त्याने माझ्यातून पाहिले. घोणस सावकाश बांबूत शिरत होती. "एवढी जवळ होती?" त्याने विचारले.

त्याच आठवड्यात मी दुरुस्तीला गेले. बुरशी निघाली, तरी काचेवर पुसटसा डाग उरलाच. आता शैला मला कोरड्या डब्यात ठेवते आणि सुरुची दर रविवारी मऊ कापडाने पुसते.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कुणी पडून असेल. त्याला अधूनमधून बाहेर काढा, पुसा, हवा लागू द्या. आम्हा वस्तूंना तोंड नसते. समोर संकट दिसत असले, तरी आम्ही कुणाला हाक मारू शकत नाही.