अंगची ऊब

चेनीच्या टोकाला बांधलेली बुटाची नाडी अजून हलत होती – म्हणजे पहिलवानानं जॅकेट आत्ताच, अगदी आत्ताच खुंटीला लावलं होतं. जाड हातमोज्यांत चेनीचं टोक सापडत नाही म्हणून कधीतरी त्यानंच ती नाडी ओवली होती; मळून मळून तिचा मूळचा रंग कोणता हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. जॅकेटाचे खांदे फुगलेले होते. आत अजून कुणीतरी असावं तसे... आणि ज्याला सगळे अस्वल म्हणत तो टेबलाजवळ उभा राहून, थंडीचे कपडे दाखवायला आलेल्या विक्रेत्याचं बोलणं ऐकतो आहे असं दाखवत, त्या खांद्यांकडे पाहत होता.

एरवी या घटकेला ते त्याच्या अंगावर असतं. शीतगृहाच्या दारावरचा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा सारून पहिलवान बाहेर येतो, उभ्या उभ्याच चेन ओढतो आणि म्हणतो, "घे रे अस्वला, तापवून ठेवलंय!" सगळ्यांत मोठ्या मापाचं जॅकेट एकच, त्या मापाची माणसं दोनच, एक सकाळच्या पाळीचा, एक दुपारच्या. इतक्या वर्षांत त्या विनोदाला दोघांपैकी कुणीही हसलेलं नव्हतं. आज मात्र तो विनोदही झाला नाही. साहेबांनी दोघांना थांबवून घेतलं, आणि पहिलवानानं जॅकेट खुंटीला लावलं – आणि तिथं ते आता निवत होतं.

"गल्लत इथंच होते बघा, साहेब," विक्रेता म्हणत होता. टेबलावर त्यानं हातमोजे, कानटोप्या, आतून अस्तर असलेले बूट, सगळं दुकानासारखं मांडलं होतं. "लोक बाहेर उभं राहून घालून बघतात आणि उबदार वाटेल ते घेतात. अहो, बाहेर काय, गोधडीसुद्धा उबदार वाटेल! खरी परीक्षा आत. आतून सुती बनियन अजिबात नको. सूत घाम पितं आणि धरून बसतं. आणि हे तुमचं एकाच्या अंगावरचं दुसऱ्यानं घालायचं, तेही बंद करा. पहिल्याचा घाम दुसऱ्याच्या पाठीवर गोठतो."

हे अस्वलाला कुणी सांगायला नको होतं. खोकी रचायला सुरुवात केली की ती ऊब ओली व्हायची, मग गार, मग कुणी पाठीला फरशी बांधावी तशी... गेल्या हिवाळ्यापासूनचा खोकला उन्हाळ्यातही गेला नव्हता, आणि तो कुठून आला हेही त्याला ठाऊक होतं. पण त्याच्या आधीचा तो एक क्षण – बाह्यांत हात सरकवताना कोपरांपर्यंत, मग काखांत, मग मानेशी चढत जाणारी ती दुसऱ्या कुणाच्या तरी जिवंतपणाची ऊब. त्या क्षणी तो डोळे मिटून घेई आणि चेन अडकल्याचं सोंग करून जरा जास्तच वेळ उभा राही. अख्ख्या दिवसात एका माणसाच्या अंगाचा त्याच्या अंगाला होणारा तो एकमेव स्पर्श होता, आणि तोही माणूस आतून निघून गेल्यानंतरचा.

घरी काही कमी नव्हतं, असंच म्हणायला हवं. सून चांगली होती. "बाबा, ताट झाकून ठेवलंय हं," असं न विसरता सांगायची. ताट पुढं सरकवून हात मागं घ्यायची. मुलगा दारातून विचारायचा, "खोकल्याचं औषध घेताय ना?" दारातूनच... त्यात त्याचा तरी काय दोष? आपणही आपल्या वडिलांशी दारातूनच बोलत आलो. बायको गेल्यावर मुलानं मोठा पलंग काढून त्याच्यासाठी एकट्यापुरती खाट आणली होती. खोली मोकळी झाली, तुम्हाला वावरायला बरं, म्हणाला. आणि खरंच खोली मोकळी झाली.

त्या मोठ्या पलंगावर ती त्याच्या जागेवर निजायची. स्वतःच्या नव्हे, त्याच्या. तो पाळी संपवून, पाय लाकडासारखे झालेले, असा यायचा, आणि ती झोपेतच, डोळेही न उघडता, भिंतीकडे सरकायची. "या." एवढंच. तिच्या अंगानं तापलेल्या त्या खळग्यात तो पडायचा... हे प्रेम आहे असं दोघांपैकी कुणी कधी म्हटलं नाही. ती गेल्यानंतर कितीतरी दिवसांनी, असंच एका दुपारी, पहिलवानाचं जॅकेट अंगात चढवताना त्याचा हात अचानक बाहीतच थांबला होता, आणि त्याला कळलं होतं की हे आपल्याला ओळखीचं आहे.

नाडी हलायची थांबली होती.

"काय आहे, जॅकेट म्हणजे शेगडी नव्हे," विक्रेता रंगात आला होता. "ते ऊब देत नाही. माणसाच्या अंगची जी असेल ती धरून ठेवतं."

"आणि अंगचीच नसेल तर?" पहिलवानानं विचारलं.

"मग त्याला कामाला कशाला ठेवता? खोक्यात भरा आणि मालाबरोबर रचा!"

सगळे हसले. साहेबही हसले. अस्वलही हसला, आणि हसण्याचा शेवट खोकल्यात झाला.

"हे बघा," साहेब म्हणाले, "दोन मार्ग आहेत. एक, हे जाडजूड. थोडेच नग, आत्तासारखे खुंटीवर, पाळीला येईल त्यानं घालायचे. दुसरा, ज्याच्या त्याच्या मापाचं, तीन थरांचं, ज्याचं त्यालाच. वरून निरोप आहे, कामगारांना विचारा. तुम्ही दोघं सर्वांत जुने. तुम्ही म्हणाल ते मी कळवतो. बोला, अस्वलराव."

त्याला वाटलं होतं की उत्तर देताना आवाज कापेल. पण तो अगदी शहाण्या माणसाचा, अनुभवी माणसाचा आवाज निघाला. "खुंटीवरचंच बरं, साहेब. जाड असलं की टिकतं. सवयही आहे."

"काय बोलतोस काय!" पहिलवान त्याच्याकडे वळला. "तुझं बरंय रे, तुला तापलेलं मिळतं. मला विचार ना! रात्रभर लोंबकळलेलं असतं ते. सकाळी बाहीत हात घातला की वाटतं, मेलेल्या माणसाच्या अंगावरून उतरवलंय."

तो थट्टेतच म्हणाला. त्याच्या बोलण्यात विखार नव्हता; असता तर सोसायला सोपं गेलं असतं. रात्री जॅकेट खुंटीला लावताना अस्वल चेन गळ्यापर्यंत ओढून बंद करी, कॉलर वर करी, बाह्या आत दुमडी. कशासाठी, हे त्यानं मनाशीही कधी म्हटलं नव्हतं. पण करी. रोज करी. म्हणजे इतकी वर्षं सकाळी तिथं काहीच उरत नव्हतं तर... आपण फक्त घेत आलो. तिच्याकडून घेतलं, याच्याकडून घेतलं, आणि आपल्याकडून पुढं गेलं ते हे – मेलेल्याच्या अंगावरचं.

"ज्याचं त्याला द्या, साहेब," तो म्हणाला.

"नक्की ना?"

"हो. तेच योग्य."

विक्रेत्यानं लगबगीनं सगळ्यांत मोठा नमुना त्याच्या अंगात चढवला, चेन निम्मी ओढली आणि जॅकेट व छाती यांच्या मधे मूठ घालून फिरवली. मूठ त्याला कुठंही न लागता बाहेर आली. "एकदम बरोबर! मधे हवेला एवढी जागा पाहिजेच. आता आत जाऊन बघा."

जाताना तो खुंटीपाशी थांबला. हातमोजा काढून त्यानं जुन्या जॅकेटाच्या गळ्यातून हात आत घातला, खोल, पार काखेपर्यंत. अस्तर दमट होतं. बाकी काही नव्हतं. पलीकडे पहिलवान नव्या बुटांत पाय आपटून पाहत होता, "हे बघ, नाचतासुद्धा येईल!" म्हणत होता. अस्वलानं हात काढून घेतला, हातमोजा चढवला आणि पट्ट्यांचा पडदा सारला.

आत पंख्यांची घरघर आणि पांढरा उजेड. नवं जॅकेट हलकं होतं, कोरडं होतं, वारा कुठूनही शिरत नव्हता. नाव ठेवायला जागा नव्हती. तो खोक्यांच्या दोन भिंतींमधे उभा राहिला. अजून गार वाटत नव्हतं. ऊबही वाटत नव्हती. थोडा वेळ द्यायला हवा, त्यानं स्वतःला सांगितलं. अंगची जी असेल ती येईल हळूहळू, जमेल... छाती आणि अस्तर यांच्यामधली ती मूठभर जागा त्याला आता स्पष्ट जाणवत होती, आपल्या अंगाहूनही स्पष्ट. तो वाट पाहत राहिला. आणि वाट पाहता पाहता, आपण काय करतो आहोत हे कळायच्या आत, तो जॅकेटाच्या आतल्या आत किंचित एका बाजूला सरकला – भिंतीकडे – आणि तसाच उभा राहिला.