अंगठ्याखालचं कातडं

या मित्रांनो, जवळ सरकून बसा. मागचे पुढे या, पुढचे थोडे दाटीने बसा. कीर्तनाला बसतात तसे मांडीला मांडी लावून बसलात, तर मला आवाज चढवावा लागणार नाही. अश्विनीताई चहा घेऊन येईपर्यंत तुम्हाला एका माणसाच्या पायाची गोष्ट सांगते. ती हसवणारी नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण रविवारी इथे नगरच्या सावेडीत कातडं कापायला शिकणाऱ्या प्रत्येकाने ती ऐकायला हवी.

मी एक जुनी रापी आहे. रापी म्हणजे कातडं कापायचं हत्यार. पुढे चंद्रकोरीसारखं रुंद, चपटं पातं आणि मागे मुठीत मावेल एवढा लाकडी दांडा. ट्रकच्या मोडक्या पाट्यातून पाथर्डीच्या लोहाराने मला घडवलं. भट्टीत लाल केलं, ऐरणीवर ठोकलं आणि पाण्यात बुडवलं, तेव्हा मी अशी काही फुसफुसले की लोहाराचं मांजर पळून गेलं. पुंजाराम शेजारीच उभे होते. त्यांनी मला उचलून नखावर टेकवलं. बोथट पातं नखावरून घसरतं. मी घसरले नाही.

"घावली," एवढंच ते म्हणाले, आणि मी त्यांची झाले.

पाथर्डीच्या एसटी स्टँडजवळ त्यांची पत्र्याची टपरी होती आणि तिला लागूनच घर. आम्ही बैलांना जुवाला बांधायच्या जुंपण्या कापल्या, घुंगरांचे पट्टे कापले, चपलांचे तळवे कापले. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी तर मला फळीवरून उतरायला सवड नसे. पुढे नायलॉनचे पट्टे आले, टोळ्या ट्रॅक्टरवर जायला लागल्या, आणि मी पुष्कळ वेळ खिळ्याला लटकलेली राहू लागले. पण पुंजाराम मला रोज खाली काढायचे, तेलाचं बोट फिरवायचे आणि परत टांगायचे. काम नसतानाही जो हत्याराची विचारपूस करतो, त्याच्या हातात राहण्यात सुख असतं मित्रांनो.

त्यांची काम करायची रीत सांगते. ते गोणपाटावर बसायचे. ओलं कातडं फळीवर पसरायचे, एक टोक डाव्या हाताने ताणायचे आणि दुसरं उजव्या पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरायचे. तो अंगठा म्हणजे त्यांचा शिकंजा. मी त्या अंगठ्याला लागून, केसाएवढं अंतर ठेवून धावायचे. त्यासाठी पाय उघडाच लागतो. चपलेतल्या पायाला कातड्याची ओढ कळत नाही.

आणि हाच उजवा पाय सप्ताहात नाचायचा. पुंजाराम टाळकरी होते. गावात सप्ताह बसला की ते बुवांच्या मागच्या रांगेत उभे. अभंगाची चाल चढली की पावली टाकत, वाकत, उजव्या पायावर गिरकी घेत. चांगला टाळकरी अख्ख्या रांगेला उचलतो. ते उचलत.

मग त्यांना साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी पायाला सुई टोचून विचारलं, "लागतंय का?" पुंजाराम छताकडे बघत म्हणाले, "टोचा की मग." ती टोचून झाली होती.

त्या दिवसापासून लंकाबाई, म्हणजे त्यांच्या कारभारीण, रोज संध्याकाळी दारात बसून त्यांचे तळपाय बघू लागल्या. डॉक्टरांनीच बजावलं होतं. अनवाणी फिरू नका, रोज पाय बघा, जखम चिघळली तर पाय कापावा लागेल.

"आवं, आना हिकडं पाय."

"देवाचं पाय बघ. माझ्यात काय ठिवलंय?"

"देवाला साखर न्हाई झाली. आना म्हन्ते ना!"

"डावा गेला तरी चालंल, उजवा तेवढा ऱ्हाऊ दे म्हनावं इठ्ठलाला. त्याच्यावर गिरकी हाय माजी."

लंकाबाई तळपायावर चापट मारायच्या. ती चापटही त्यांना कळायची नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

याच काळात अश्विनीताई आल्या. त्या नगरला कॉम्प्युटरवर काम करतात, हे तुम्हाला माहीत आहेच. मोबाईलवर बघून त्यांना कातडीकामाचा नाद लागला होता. चकचकीत हत्यारांचा डबा मागवला होता. तो घेऊन त्या सुट्टीच्या दिवशी एसटीने पाथर्डीला आल्या. पुंजारामांनी त्यातली एक सुरी उजेडात धरून बघितली.

"ताई, काकडी झ्याक कापंल हिच्यानं."

"मामा, हसू नका. शिकवणार का नाही ते सांगा."

त्यांनी शिकवलं. पट्टा नेहमी पाठीच्या कातड्याचा काढायचा, पोटाचं कातडं ताणून सैल होतं. पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे थांबले की भिजलं असं समजायचं. कड आतल्या अंगाने सोलून पातळ करायची, मग दुमड बसते. आरीने भोकं, मेण लावलेला दोरा, दोन्हीकडून टाका. वाळवायचं सावलीत, उन्हात ठेवलंस तर पापड झाला म्हणून समज. अश्विनीताईंचा पहिला पट्टा साप चालल्यासारखा वाकडा निघाला. पुंजारामांनी तो आपल्या कमरेला बांधून दिवसभर मिरवला.

आता जे सांगायचं आहे ते मला जड जातं. पण कथा अर्ध्यावर सोडू नये.

सप्ताह तोंडावर आला होता. पखवाज वाजवणारा भागवत टपरीवर आला. कीर्तनात पखवाज गळ्यात अडकवून उभ्याने वाजवतात. त्याचा पट्टा तुटला होता.

"मामा, सुतळीनं बांधू का आता मृदंग?"

"बांध की. तुझ्या गळ्याला सुतळीच शोभती."

"सकाळी सप्त्याची वीणा उभी ऱ्हानार हाय. चेष्टा नगा करू."

"जा, घेऊन जा संध्याकाळी. देवाचं काम मागं पडत न्हाई आपल्याकडं."

अश्विनीताई त्या दिवशी होत्या. पुंजारामांनी बाभळीच्या सालीत कमावलेलं पाठीचं जाड कातडं काढलं, अंगठ्याखाली दाबलं आणि मला चालवलं. त्या कातड्यात जनावराचा जुना व्रण होता, गाठीसारखा कडक. मी त्याला अडखळले, उसळले आणि अंगठ्याच्या खालच्या अंगात शिरले.

मला लगेच कळलं. भिजलेलं कातडं थंड असतं. हे ऊन होतं.

पुंजारामांना कळलं नाही. त्यांनी मला मागे घेतलं, रेघ सरळ केली आणि गुणगुणत कापत राहिले. मला पातं आहे मित्रांनो, तोंड नाही.

मग दुमडीसाठीचा कोरडा तुकडा भिजवायला त्यांनी घमेल्यात टाकला आणि नेहमीसारखा तोच पाय घालून पाण्याखाली दाबून धरला. कातडं पायाने तुडवूनच भिजवायची त्यांची रीत.

"मामा, पाणी जास्तच लाल दिसतंय हो."

त्यांनी वाकून बघितलं. आणि अभिमानाने हसले.

"साल उतरतीय, ताई. बाभळीच्या मालाची हीच खून हाय. रंग सोडत न्हाई ते कातडं कसलं?"

गुरूने सांगितलं, शिष्येने मान डोलावली. त्या पाण्याने पाय तसाही तांबडा झाला होता. फडक्याने पुसला, पट्टा शिवला, भागवतच्या गळ्यात घातला आणि पुंजाराम मंदिरात गेले.

सप्ताहभर ते मांडवात अनवाणी नाचले. लंकाबाई गावच्या बायकांबरोबर पंगतीच्या भाकरी थापायला तिकडेच. संध्याकाळचं पाय बघणं त्या आठवड्यात राहिलं. देवाच्या दारात काय होणार, असं दोघांच्याही मनात असेल. मधे घरात वास येऊ लागला. कातड्याच्या माणसाच्या घरात वासाला कोण विचारतं? लंकाबाईंनी भिजायला ठेवलेला तुकडा उचलून बाहेर टाकला.

शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनात गिरकी घेताना पुंजाराम पडले. ताप फणफणला होता. भागवतने पाय उचलून धरला. अंगठा काळा पडला होता.

नगरच्या दवाखान्यात गुडघ्याखालून पाय कापला. जखम भरली नाही. घरी आणल्यावर त्यांनी एकच मागणं केलं, अंगणात भजन व्हावं. भजनी मंडळी अंगणात उभी राहिली, त्यांच्या जागेवर कोणी उभं राहिलं नाही. भागवतने त्यांच्या हातात टाळ दिले. चाल चढत गेली. पुंजाराम बाजेवर बसून समोरच्या पावलांकडे बघत होते. टाळ हातात होते. वाजवले नाहीत. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

दहाव्याचं प्रवचन झालं आणि लंकाबाईंनी मला खिळ्यावरून काढून अंगणात भिरकावलं. अश्विनीताई आल्या तेव्हा मी मातीत पडले होते. त्यांनी मला उचललं आणि उभ्यानेच बोलल्या.

"मामी, पाणी लाल झालेलं मी बघितलं होतं. मी म्हणाले पण होते त्यांना."

"मग?"

"साल उतरतीय म्हणाले."

लंकाबाई पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "मलाबी त्येच म्हनले असते. आन् मीबी ऐकलं असतं. न्हे ती रापी. हितं माज्या डोळ्यापुढं नगं."

अशी मी सावेडीच्या या फ्लॅटमध्ये आले. अश्विनीताई मला तेल लावतात, कापडात गुंडाळतात. माझ्या पात्याने त्यांनी अजून एकही पट्टा कापलेला नाही. तुमच्यातला कोणी पायाने कातडं दाबायला गेला की त्या का ओरडतात, ते आता तुम्हाला कळलं असेल.

मित्रांनो, हत्याराला तेल लावा, धार राखा, कापताना बोटं पात्याच्या मागे ठेवा. हे सगळं ताई शिकवतीलच. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरी साखरेचा आजार असलेलं म्हातारं माणूस असेल, तर आज घरी गेल्यावर त्याचा पाय मांडीवर घ्या. बोटांच्या बेचक्यात बघा, अंगठ्याच्या खाली बघा. सण असो, पाहुणे असोत, सप्ताह असो, एकही दिवस चुकवू नका. त्याला काय वाटतंय ते विचारू नका, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि पाय धड दिसला, की तो खाली ठेवण्याआधी एकदा पाथर्डीच्या पुंजाराम टाळकऱ्याची आठवण काढा.