पहाटेआधी फुटलेलं नाव

बुधवारी दुपारी क्वाकू अवेळी माझ्या अंगणात आला. माझ्या धाकट्या भावाचा हा मुलगा. भाऊ आता नाही, त्यामुळे मीच त्याचा पापा. आंब्याखाली शेजारची मुलं शिकायला बसली होती. शाळेतून निवृत्त झालो, पण शिकवणं काही सुटत नाही. क्वाकूचा चेहरा पाहून मी मुलांना साताचा पाढा लिहायला सांगितला आणि त्याला खुर्ची दिली.

"पापा, नाव फुटलं," तो म्हणाला.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्याला मुलगी झाली होती. आमच्यात एक नाव जन्मवारावरूनच पडतं; ती शुक्रवारची, म्हणून आफिया हे नाव ती स्वतःच घेऊन आली. दुसरं नाव बापाने द्यायचं असतं. क्वाकूने ते ठरवलं होतं पोकुआ. पोकुआ म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेल्यावर क्वाकूला तिनेच वाढवलं. तिला स्वतःचं मूल नाही. आपलं नाव पुढे कुणी चालवेल असं तिच्या मनातही नव्हतं. आठव्या दिवशी पहाटे मी बाळाच्या जिभेवर पाणी टेकवून ते नाव उच्चारायचं आणि तिने ते तेव्हाच, पहिल्यांदा ऐकायचं, एवढीच क्वाकूची इच्छा होती. तोवर बाळ पाहुणं असतं. त्याचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही.

"कुठे फुटलं?"

"ऑफिसात. बारशाचं कार्ड मी लॅपटॉपवर केलं होतं."

"कुणाच्या लॅपटॉपवर?"

"माझ्याच."

"तू घेतलेला?"

तो हळूच म्हणाला, "कंपनीने दिलेला."

"क्वाकू, शाळेच्या कपाटात मी माझा शर्ट ठेवला तर शर्ट माझाच राहतो. पण किल्ली?"

"हेडमास्तरांची," पाढा लिहिता लिहिता एक मुलगी ओरडली.

"बघ, हिला कळलं."

त्याला हसू आलं, पण टिकलं नाही. त्याच्या ऑफिसातल्या बाबा नावाच्या मुलीने सकाळीच लिहून पाठवलं होतं : 'काय गोड नाव! अभिनंदन!' आणि बाबाची आई आसाफो बाजारात टोमॅटो विकते, पोकुआच्या कापडाच्या गाळ्याला लागून. तिला कळलं असेल तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजाराला कळणार होतं.

"चल," मी म्हणालो.

"तुम्ही कशाला पापा? माझी चूक आहे."

"म्हणूनच. चूक झाली की वडीलधाऱ्याला पुढे करून बोलायचं असतं. तू कधीपासून एकटा जायला लागलास?"

क्वाकूची कंपनी शेतकऱ्यांना पाण्याचे पंप देते. तिथल्या मॅनेजर मॅडम देदेई समुद्रकाठच्या, गा नावाच्या जमातीतल्या. त्यांनी आधी मला बसवलं, पाणी दिलं आणि मगच येण्याचं कारण विचारलं. मी सगळं सांगितलं. नाव मात्र उच्चारलं नाही. मॅडमनी बाबाला आणि कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या फीफीला बोलावलं.

"टीचर, आम्ही कुणाचं काही उघडून बघत नाही," फीफी म्हणाला. "पण या मशीनमध्ये जे ठेवाल त्याची एक प्रत कंपनीकडे आपोआप येते. यांनी ठेवलं नेमकं पंपांच्या किमतींच्या शेजारी. ते कप्पे तर सगळ्यांना उघडे असतात."

"मला वाटलं नवीन पंप आलाय," बाबा म्हणाली. "उघडलं तर गुलाबी फुलं आणि झोपलेलं बाळ!"

"तू ते नाव तोंडाने घेतलंस का?" मी विचारलं.

तिने आठवून पाहिलं. "नाही टीचर. नुसतं लिहिलं."

"आणि आईला?" क्वाकूचा आवाज चिरकला.

"आईला फोन लावला होता. तिने उचलला तर ना! टोमॅटोवरून कुणाशी तरी भांडत असणार."

"आता पुन्हा लावू नकोस, बाई."

"वेडी आहे का मी? मला वाटलं बारसं झालंय. आमच्या घरातही आठ दिवस थांबतात."

मॅडम देदेईंनी चष्मा काढला. "शुक्रवारपर्यंत या ऑफिसात त्या मुलीला नाव नाही. फीफी, तो कागद काढून टाक, आपल्याकडची प्रतही. आणि क्वाकू, तुझं घरचं सगळं घरी ने. शिक्षा म्हणून नाही सांगत. उद्या तू नोकरी सोडलीस तर मशीन त्याच दिवशी परत घेऊन पुसून टाकतील. मग मुलीचे फोटो मागायला पुन्हा टीचरना घेऊन येशील?"

"नाही मॅडम."

"आणलंस तरी चालेल, त्यांना मक्याचं केंके खाऊ घालू. फोटो मात्र मिळणार नाहीत."

फीफी त्याच्याजवळ बसला. बाळाचे फोटो, दवाखान्याचे कागद, चर्चमधली गाणी, असं एकेक मॅडमच्या परवानगीने क्वाकूच्या पेन ड्राइव्हवर गेलं आणि कंपनीच्या मशीनमधून निघालं. "हेही तुमचंच का?" फीफीने विचारलं. तो बकरीच्या सुपाच्या पाककृतीचा व्हिडिओ होता. क्वाकूने मान खाली घातली. बाबा तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाली.

घरी त्याची बायको ड्युफी हिने पलंगाखालून स्वतःचा जुना लॅपटॉप काढला. तो सुरू होईपर्यंत तिने बाळाला न्हाऊ घातलं.

"फार हळू चालतो हा," क्वाकू कुरकुरला.

"आपला आहे ना," ड्युफी म्हणाली. "मग चालू दे हळू."

फोटो त्यावर उतरले. कार्ड मात्र पुन्हा करायचं नाही, असं दोघांनी ठरवलं.

गुरुवारी मी दिवसभर अस्वस्थ होतो. बाजारात जाऊन पोकुआच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यावा असं फार वाटलं. पण मी तिला लहानपणापासून ओळखतो, आणि ती मला. मी गेलो असतो तर तिनेच माझ्या चेहऱ्यावरून सगळं वाचलं असतं. मी घरीच राहिलो.

शुक्रवारी उजाडायच्या आधी आम्ही अंगणात जमलो. पोकुआ पांढरं नेसून आली होती. आल्या आल्या तिने पेले नीट पुसले नाहीत म्हणून क्वाकूला झापलं, मग फडका घेऊन स्टूलावर स्वतःच पुसत बसली. मी बाळाला मांडीवर घेतलं. जिभेवर पाण्याचा थेंब टेकवला, मग जिनचा. बाळाने तोंड वाकडं केलं. पाण्याला पाणी म्हण, जिनला जिन, खरं ते खरं, खोटं ते खोटं, असं मी तिला सांगितलं.

"तू आलीस, आता राहा. तुझं नाव आफिया पोकुआ."

क्वाकू माझ्याकडे पाहत नव्हता, त्याची नजर आत्याकडे होती. पोकुआच्या हातातला फडका तसाच राहिला. तिने ड्युफीकडे पाहिलं, क्वाकूकडे पाहिलं, मग माझ्यावर डोळे वटारले, लहानपणी मी खोटं बोललो की वटारायची तसे.

"काय म्हणालास?" ती म्हणाली. "पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हणालो.