अण्णांची फोर-टेन

वडील, आमचे अण्णा, गेल्यावर आठवड्याभरात त्यांची बंदूक आम्ही बेंगळुरूच्या चामराजपेटेत कृष्णात यांच्या बंदुकांच्या दुकानात जमा केली. परवाना माणसाबरोबर संपतो. दोन महिन्यांनी ती विकायच्या कागदावर सही करायला मी आईला घेऊन गेले. विकायचं मीच ठरवलं होतं. आई नुसतीच "सरी", बरं, म्हणाली होती.

कृष्णातांनी बंदूक काउंटरवर आडवी ठेवली. फोर-टेन म्हणजे नेहमीच्या बारा बोअरपेक्षा पुष्कळ बारीक नळीची. खांद्याच्या ऑपरेशननंतर अण्णांनी ती घेतली, कारण तिचा धक्का सौम्य. नळीखालची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवं आत जातं. येलहंक्यापलीकडच्या रेंजवर रविवारी ते मातीच्या उडत्या तबकड्या फोडत. काडतुसात छर्रे मोजके, म्हणून नेम पक्का असावा लागतो, हे अभिमानाने सांगत. दोन वर्षांपूर्वी मूठ अडायला लागली. "हातातला जोर गेला," म्हणाले आणि रेंज सोडली. त्यानंतर ते जिनाही कठडा धरून चढू लागले.

"वरची नळी आरशासारखी आहे," कृष्णात म्हणाले. "पण मूठ हलंना. स्वल्प थांबा, अक्का."

काडतुसं भरायची खालची नळी त्यांनी पान्याने सोडवली, स्प्रिंग काढली आणि नळी कागदावर ठोकली. तांदळाचे दाणे पडले. लाल, तेलाने चिकटलेले. मागून हळदीचा गोळा.

कृष्णात बघतच राहिले. "अक्का, बंदुकीचं लग्न लावलं होतं का काय?"

"खंडेनवमीला पूजा करते मी. अक्षता वाहते, खालच्या फटीतही."

"वाहायच्या वो, भरायच्या नव्हं!"

मला हसू आलं. मग आईकडे बघायची भीती वाटली. अण्णांचे दोन वर्षांचे रविवार त्या कागदावर पडले होते.

कृष्णातांनी सगळं पुसून परत जोडलं. आता मूठ अलगद मागे गेली, पुढे आली. आईने हात पुढे केला आणि स्वतः एकदा ओढून पाहिली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. मूठ पुन्हा एकदा ओढून म्हणाली, "पण चंदना, म्हणजे हात चांगला होता ना त्यांचा?"

"हो, आई."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

दोन महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. तिने बंदुकीचा दस्ता खांद्याला लावला. कृष्णातांनी नळी भिंतीकडे वळवली. "बोट चापाच्या बाहेर, अक्का. हां."

"माझ्या वयाला परवाना देतात का?" तिने विचारलं. बासष्ट वर्षांची माझी आई.

"वारस म्हणून अर्ज करता येतो. चौकशी होईल, ट्रेनिंग घ्यावं लागंल. वेळ लागतोय."

"लागू दे."

विक्रीचा कागद मी उलटा केला. कृष्णातांनी मागच्या कोऱ्या बाजूवर लागणाऱ्या दाखल्यांची यादी लिहून दिली.

बाहेर रिक्षा थांबवताना आई म्हणाली, "आधी चष्म्याचा नंबर काढून घेऊ."