पट्टी तुटली ती कडेपासून

मित्रांनो, मी एक जुने ताणयंत्र आहे. माझ्या दोन जबड्यांत पट्टी धरतात, मी ती ओढतो आणि तुटेपर्यंत तिने किती जोर सोसला ते सांगतो. तरुणपणी मी दोरखंड तोडले, पट्टे तोडले. मग शेजारी नवे, चकचकीत यंत्र आले आणि माझ्यावर खोळ चढली.

ती खोळ प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या बाईंनी काढली. बाई मक्याच्या स्टार्चपासून पातळ फिल्म बनवत. पावाभोवती गुंडाळायची आणि काम झाले की मातीत पुरायची. तिथे ती विरून जाते. दमट हवेत ही फिल्म लिबलिबीत होते, कोरड्या हवेत कडक. म्हणून ओढण्याआधी तिच्या पट्ट्या ठरावीक दमटपणाच्या पेटीत मुरवाव्या लागतात. बाईंनी त्यात कधी घाई केली नाही. तरीही पट्ट्या माझ्या जबड्यांत तटातट तुटत.

विभागप्रमुख येऊन पाहून गेले. "बाई, तुमची फिल्म मातीत जायच्या आधीच राम म्हणतेय. शुक्रवारच्या बैठकीत हेच आकडे आले, तर काम बंद करावं लागेल."

"इतकी लेचीपेची नाहीये ती, सर. हाताला तशी लागत नाही."

"हाताचं कोण ऐकणार? यंत्र सांगतंय ना."

मला वाईट वाटले. मी सांगत होतो ते खरे होते, पण पुरते नव्हते.

बाईंनी तुटलेल्या पट्ट्या टाकून दिल्या नाहीत. एकेक भिंगाखाली ठेवली. प्रत्येक फाट कडेपासून सुरू झालेली. मग त्यांनी पट्ट्या कापायचे पातेच भिंगाखाली धरले. धारेला बारीक खाचा, आणि खाचांत चिकटपट्टीचा डिंक.

"या पात्यानं खोकी कोण उघडतं?"

शेजारच्या टेबलावरचे सहकारी कान खाजवू लागले. "कात्री सापडत नव्हती हो. एकच खोकं होतं."

"तुमचं एक खोकं, आणि माझी झोप उडाली. आता आठवडाभर चहा तुमच्याकडून."

नव्या पात्याने कापलेल्या पट्ट्या पेटीत मुरल्या आणि शुक्रवारी सकाळी माझ्याकडे आल्या. मी ओढू लागलो. पट्टी लांबली, आणखी लांबली, मध्यावर बारीक झाली आणि मगच तुटली. विभागप्रमुखांनी चष्मा पुसला. "पुन्हा दाखवा." बाईंनी पुन्हा दाखवले. मग ते स्वतःच आणखी एक पट्टी घेऊन नव्या यंत्राकडे गेले. त्यानेही माझीच री ओढली. काम चालू राहिले.

खिडकीतल्या कुंडीत पुरलेली फिल्म आता माती झाली आहे. मी लोखंडाचा, माझे तसे होणार नाही. म्हणून एवढेच मागतो: मला अधूनमधून तेल द्या, आणि पात्याने खोकी उघडू नका. आणि मित्रांनो, एखादी पट्टी पटकन तुटली, तर तिला कच्ची म्हणण्याआधी ती कशाने कापली होती ते पाहा.