बेटावर पडलेली ट्यूब

मी एक जुनी ट्यूब आहे, मित्रांनो. ट्रकच्या टायरच्या पोटात असते ती, काळ्या जाड रबराची. तुम्ही मला फुगलेली पाहायला हवी होती. आता मी धरणाच्या पाण्यातल्या एका लहानशा बेटावर, गाळात रुतून, चपटी पडले आहे. इथं मला उचलायला कुणी येत नाही. का येत नाही, तेच सांगते.

कारखान्याच्या वाफेत मला आकार आला. मग कांद्याच्या ट्रकच्या चाकात बसून मी नाशिकच्या रस्त्यानं उन्हापावसात फिरले. चाकाच्या आत अंधार असतो, पण एवढा भार आपण पेलतो याचा मला अभिमान वाटे. अंगावर ठिगळं वाढली, तेव्हा आळेफाट्याच्या पंक्चरवाल्या गेणभाऊनं मला दुकानाबाहेर खिळ्याला टांगलं. तिथून मला भागूनं नेलं.

भागू आंबेगावच्या डोंगरातला, तळवाडीचा. भात, नाचणी आणि धरणातली मासळी, यांवर त्याचं घर चाले. त्यानं माझ्यात हवा भरली, वर बांबूची ताटी बांधली आणि हातांत जुन्या चपला घालून तो मला वल्हवू लागला.

"ही माजी व्हडी," तो सगळ्यांना सांगे. "डिझेल मागत न्हाई, रुसत न्हाई. लई गुनाची."

"मला न्हाई कदी म्हनलं गुनाची!" त्याची बायको लंकाबाई काठावरून ओरडे.

समोरच्या काठावर खडकमाळ. भागूची लेक इंद्रायणी तिथल्या सुनीलला दिलेली. रस्त्यानं जायचं तर घोडेगावला उतरायचं, बस बदलायची, सगळ्या डोंगराला वळसा घालायचा. माझ्यावर बसलं तर चुलीवरची डाळ शिजेपर्यंत माणूस पलीकडे. सणावाराला मी तिला आणलं, पोचवलं. ती पाण्यात बोटं बुडवून गायची,

पान्याच्या पल्याड दिसं आईचा गं धूर
डोळ्याला जवळ, माज्या पावलाला दूर

या दोन काठांच्या मधोमध, उन्हाळ्यात पाणी उतरलं की हे बेट वर येतं. धरणाआधी ही टेकडी होती. तिच्या पायथ्याचा ओढा म्हणजे दोन गावांची शीव. ओढा आता पाण्याखाली आहे. तो टेकडीच्या अलीकडून वाहायचा की पलीकडून, हे तळवाडीचे म्हातारे एक सांगतात, खडकमाळचे दुसरंच. आणि बेटावरचा गाळ तर लोण्यासारखा, बी टाकलं की उगवलंच.

एका वर्षी दोन्ही गावांनी पेरलं आणि दोघांनी एकमेकांचं उपटलं. डोकी फुटली. मोजणीचे साहेब आले, म्हणाले, ही जमीन धरणाची, तुमच्यापैकी कुणाचीच नाही. ते कुणालाच पटलं नाही. शेवटी दोन्ही गावांनी देवापुढं भंडारा उचलून शपथ घेतली. निवाडा होईपर्यंत बेटावर पाय ठेवायचा नाही. जो ठेवील, त्याच्या गावाचा बेटावरचा हक्क गेला.

तळवाडीत कुंडलिकच्या दुकानातल्या टीव्हीवर देशादेशांची भांडणं दाखवत. समुद्रातल्या चार खडकांसाठी लढाऊ बोटी निघालेल्या.

"येवढ्याशा दगडासाठी, राव!" लोक हसत. आणि उठून काठावर जात, बेटावर कुणी आलं तर नाही ना ते बघायला.

मित्रांनो, पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. इंद्रायणीचे दिवस भरत आले, तसा भागू तिला आणायला निघाला. माहेरवाशिणीची वाट अडवायची नाही, एवढं दोन्ही गावं पाळत. समोरच्या काठावर ती गाठोडं घेऊन उभी होती. शेजारी सुनील होता.

बेटाजवळ वारा फिरला. आम्ही कडेला ढकलले गेलो. पाण्याखाली बुडालेल्या बाभळीचं खोड होतं, ते माझ्या कुशीत घुसलं. माझी हवा गेली. भागू बेटाच्या बाजूला पडला आणि कमरेपर्यंत गाळात गेला.

"वडा रं मला! गाळ धरतोय!"

दोन्ही काठांवर माणसं धावली, आणि दोन्ही काठांवर थांबली.

"खडकमाळवाले, तुमी जवळ हाय, काडा त्याला!" कुंडलिक ओरडला.

"तुमचा मानूस, तुमी काडा! आमी पाय ठिवला की बेट तुमचं. येवढं खुळं न्हाई आमी!"

त्यांच्यातलंच कुणीतरी वर हसून म्हणालं, "भागूनं ठिवलाच की पाय! गेला तळवाडीचा हक्क!"

"ठिवला न्हाई, पडला त्यो!" कुंडलिक ओरडला. "पडल्याला पाय ठिवला म्हनत न्हाईत!"

लंकाबाईनं कुंडलिकचे पाय धरले. "भाऊ, चुलीत जाऊ दे त्ये बेट. माजा मानूस आना!"

त्यानं पाय सोडवून घेतले.

पलीकडे सुनीलनं आपली ट्यूब पाण्यात ढकलली. त्याच्याच भावकीनं त्याला मागून धरलं.

"सोडा त्यांना!" इंद्रायणी किंचाळली. "बुडतोय त्यो माजा बा हाय!"

धरणाऱ्याच्या हाताला चावून सुनील सुटला. पण तोवर गाळ भागूच्या छातीपर्यंत आला होता आणि लाटा तोंडावरून जात होत्या. सुनील पोचला तेव्हा भागूचा आवाज थांबला होता. त्याच्या हातांतल्या चपला तेवढ्या पाण्यावर तरंगत होत्या. एक तळवाडीकडे निघाली, एक खडकमाळकडे.

सुनीलनं ट्यूबवरूनच त्याला ओढून काठाला नेलं. मी मागे राहिले. तळवाडी म्हणते, ट्यूब खडकमाळच्या हद्दीत पडली आहे. खडकमाळ म्हणते, तळवाडीच्या. ज्याची हद्द, त्याच्या माथी भागूचं मरण. ज्या बेटासाठी डोकी फुटली, ते आता कुणालाच आपलं म्हणवत नाही. गाळ सुकून भेगाळला आहे. बगळे तेवढे येतात.

इंद्रायणी घोडेगावावरून, रस्त्यानं माहेरी आली. तिला मुलगी झाली. "ज्यांनी आमचा मानूस मरू दिला, तिथं पोर धाडायची न्हाई," असं तळवाडीनं ठरवलं आहे. आपणही काठावर उभे होतो, हे कुणी बोलत नाही.

मित्रांनो, मला उचलू नका, ठिगळही लावू नका. पाऊस आला की मी पाण्याखाली जाईन. पण कुणी हाक मारली, तर त्याचं गाव नंतर विचारा. आधी हात द्या.

रोज दिवस कलताना इंद्रायणी काठावर येते आणि बाळाला दोन्ही हातांनी वर धरते. पलीकडे सुनील उभा असतो. तो हात हलवतो. मधे पाणी असतं, आणि हवा गेलेली मी.