हाताचा गुण

"उतरा आजोबा, सोसेल इतकंच आहे," मावशी म्हणाल्या आणि गुडघेदुखीच्या आजोबांनी टबात पाय सोडला. पुढच्याच क्षणी ते असे ओरडले, की मालिशवाला हातातलं तेल सांडत धावत आला. पाय घोट्यापर्यंत लालबुंद झाला होता.

"अहो, उकळतंय की हे!" तो मावशींना म्हणाला. "कळलं कसं नाही तुम्हाला?"

मावशींना खरंच कळलं नव्हतं. नेहमीसारखा हात मनगटापर्यंत बुडवून पाहिला होता त्यांनी. पण जलोपचार केंद्रातल्या गरम-गार पाण्यात जन्म काढल्यावर बोटांनी परस्पर राजीनामा दिला होता. अलीकडे त्या वाफेवरूनच अंदाज बांधत. आज कुणीतरी पंखा लावून ठेवला आणि वाफ दिसलीच नाही.

सांगायचं तरी कुणाला? मावशींच्या हाताला गुण आहे, म्हणून माणसं लांबून यायची. डॉक्टरसाहेब तर नव्या पेशंटपुढे ऐटीत म्हणायचे, "आमच्याकडे थर्मामीटर लागत नाही. मावशींचा हात आहे!"

तेच डॉक्टरसाहेब आता आजोबांच्या मुलाला सांगत होते, "शंभरदा बजावलंय हो, थर्मामीटर लावा म्हणून. ऐकतील तर शपथ!"

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंड उघडायचं, तर हाताचंही सांगावं लागलं असतं. त्या खाली वाकून सांडलेलं तेल पुसू लागल्या.

मलम लावून घेताना आजोबाच म्हणाले, "जाऊ द्या. चुकतं माणूस. पाय बरा झाला की मी पुन्हा मावशींकडेच येणार."

हे मात्र मावशींना सोसलं नाही. भिंतीकडे तोंड करून त्या रडल्या.

"उद्यापासून टॉवेल सांभाळा," डॉक्टरसाहेब जाताजाता म्हणाले.

घरी सून बाळाच्या आंघोळीच्या तयारीत होती. बाळ तिच्या कडेवर उघडंनागडं पाय झाडत होतं.

"आलात आई? बरं झालं. पाणी तेवढं बघा ना. तुमच्या हाताला लगेच कळतं."

मावशींचा हात सवयीने पुढे झाला आणि पाण्यावरच थबकला.

"तूच बघ गं. माझे हात खराब आहेत."

"तुमचे?" सून हसली. "दिवसभर पाण्यात तर असतात!"

मावशींनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. सुनेने बादलीत बोटं घातली आणि झटकन बाहेर काढली.

"आई गं! केवढं भाजलं!"

ती बोटांवर फुंकर घालत राहिली. मावशींना तिचा हेवा वाटला.